आमची वाटचाल : गाडीचा मूळ रंग राखण्याचे काम

सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेच्या पुढे आमची छोटी कार्यशाळा आहे. उन्हाने निस्तेज झालेल्या, चऱ्यांनी भरलेल्या आणि मालकाच्याही मनातून उतरलेल्या गाड्यांचा मूळ रंग उजळून देणे आणि पांढरट पडलेले बंपर, दाराच्या पट्ट्या व आरशांची आवरणे पूर्ववत काळी करणे, एवढेच काम आम्ही करतो. डेंटिंग-पेंटिंग आम्ही जाणीवपूर्वक ठेवलेले नाही. जो रंग वाचवता येतो तो वाचवायचा आणि जो वाचणार नाही तो वाचेल असे सांगून पैसे घ्यायचे नाहीत, या एका धोरणावर व्यवसाय उभा राहू शकतो का, ही शंका सुरुवातीला आमच्या घरच्यांनाच होती.

या धोरणाचे मूळ माझ्या आधीच्या नोकरीत आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगच्या एका कारखान्यात मी तपासणीचे काम करत असे. भट्टीतून बाहेर आलेल्या नगावर जाडीमापक टेकवायचा, थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दरम्यान भरला तरच माल पुढे सोडायचा, हा तेथील रोजचा क्रम होता. बाजारात मात्र गाडीला ‘रबिंग’ करणारे कारागीर किती थर आहे आणि त्यातला किती घासून गेला, हे न मोजता केवळ हाताच्या अंदाजाने यंत्र चालवत. गाडी त्या दिवशी आरशासारखी चमके आणि दोन-तीन उन्हाळ्यांनंतर बॉनेटच्या कडांवर खालचा थर डोकावू लागे. नोकरी सोडल्यावर आम्ही पहिली मोठी खरेदी केली ती पॉलिशच्या यंत्राची नव्हे, तर गाडीच्या पत्र्यावर चालणाऱ्या जाडीमापकाची. माझे मेहुणे तेव्हापासून भागीदार आहेत आणि ती खरेदी त्यांना आजही थोडी महागच वाटते.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात पत्र्याला गंजापासून वाचवणारा तळाचा थर, प्रायमर आणि प्रत्यक्ष रंग यांचा समावेश असतो आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट असतो. चमक म्हणून आपण जे पाहतो ती या क्लिअर कोटची, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही त्यातच असतात. पॉलिश करणे म्हणजे या थरावर काही भरणे नव्हे, तर चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर किंचित उतरवून पृष्ठभाग सपाट करणे. म्हणूनच नख फिरवल्यावर जो चरा अडतो तो बहुधा घासून काढण्यासारखा राहिलेला नसतो. त्याच्या तळाशी पोहोचेपर्यंत संरक्षणच संपून जाईल. जुन्या एकथरी रंगाच्या गाड्यांचे गणित थोडे वेगळे आहे. त्यांना क्लिअर कोट नसल्यामुळे पॅडवर गाडीचाच रंग उतरतो आणि ते पाहून मालक घाबरतात, पण त्यात काही विपरीत नाही.

सांगली जिल्ह्यात गाडीचा रंग खराब होण्याची कारणेही येथील शेतीइतकीच येथील आहेत. वाळवा आणि पलूस भागातून येणाऱ्या गाड्यांच्या दोन्ही बाजूंना, दाराच्या मध्यावर, एका उंचीवर आडवे बारीक चरे असतात. अरुंद पाणंद रस्त्याने जाताना दोन्हीकडचा ऊस गाडीला घासतो. उसाच्या पात्याच्या कडा दातेरी असतात, पानात सिलिका भरपूर असते आणि त्यावर धूळही बसलेली असते. तासगावकडील गाड्यांवर निळसर पांढरे ठिपके दिसतात. द्राक्षबागेत मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारताना वाऱ्याने उडालेले तुषार गाडीवर वाळतात, आणि ते ठिपके कोरड्या फडक्याने पुसले की चरे वेगळे पडतात. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातील बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळू दिली, तर क्षारांचे गोल डाग उमटतात आणि ते वेळेवर काढले नाहीत तर क्लिअर कोटमध्ये खड्डे पाडतात. चुन्याचे आणि क्षारांचे हे डाग घासून जात नाहीत, ते सौम्य आम्लाने विरघळवावे लागतात.

या सगळ्यांपेक्षा मोठे कारण मात्र शहरातले आहे, आणि ते म्हणजे रोज सकाळी गाडीवर मारले जाणारे कोरडे फडके. उन्हात गाडी उभी केल्यावर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या गोल रेषा दिसतात, त्यांतील बहुतांश या फडक्याने पाडलेल्या असतात. गाडी स्वच्छ राहावी म्हणून महिन्याचे पैसे देऊन लोक हे करून घेतात. धूळ तशीच राहू द्यावी आणि आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने गाडी धुवावी, असे आम्ही सांगतो तेव्हा बरेच जण ते आळशीपणाचे समर्थन समजतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर गावभाग आणि मारुती चौक परिसरातील गाड्या आमच्याकडे येऊ लागल्या. इंजिन आणि वायरिंग हा आमचा विषय नव्हता, पण गाळाने माखलेली गाडी कशी धुवावी हे सांगणारेही फारसे कोणी नव्हते. वाळलेला गाळ म्हणजे बारीक वाळूच. त्यावर हात फिरवला की रंग गेला. म्हणून आधी कमी दाबाच्या पाण्याने गाळ भिजवून मऊ करायचा, वरून खाली वाहून जाऊ द्यायचा आणि मगच शाम्पू लावायचा, अशी पद्धत आम्ही बसवली. दारांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी असलेली भोके गाळाने बुजली की पत्रा आतून गंजतो, हे तेव्हा इतक्या गाड्यांमध्ये पाहायला मिळाले की आजही प्रत्येक गाडीची ती भोके आम्ही न सांगता मोकळी करतो. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा लोक आधी फोन करून विचारू लागले. आमचे नाव झाले असेल तर ते त्या दिवसांत झाले.

आमच्या कामाची रीत स्पष्ट व्हावी म्हणून एका गाडीचे उदाहरण देतो. एका द्राक्ष बागायतदारांची गडद निळी गाडी बेदाणा शेडच्या कडेला, चिंचेच्या झाडाखाली काही वर्षे उभी होती. तिच्यावर पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग होते, टपाचा क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटू लागला होता आणि बंपर राखेच्या रंगाचा झाला होता. जाडी मोजली तेव्हा दारांवर सर्वत्र सारखे माप मिळाले, परंतु मागच्या डाव्या पॅनेलवर ते तिपटीहून अधिक भरले, म्हणजे तेथे पूर्वी लांबी (पोचा बुजवण्याची पुट्टी) भरून रंगकाम झालेले होते. मालकांना त्याची कल्पना नव्हती, कारण गाडी त्यांनी जुनीच घेतली होती.

धुतल्यानंतर चिकटलेले लोहकण विरघळवणारे द्रावण मारले, ते जेथे जांभळे झाले तेथे ते कण होते. उरलेला खरखरीतपणा क्ले बारने, म्हणजे चिकटलेली घाण उचलणाऱ्या मातीसारख्या मऊ वडीने काढला. मग बॉनेटवर मास्किंग टेपने एक चौकोन आखून सर्वांत मऊ फोम पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिशने सुरुवात केली आणि ते अपुरे पडल्यावरच एक पायरी वर गेलो. प्रत्येक टप्प्यानंतर तो भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या द्रावणाने पुसून पाहावाच लागतो, कारण कंपाउंडमधील, म्हणजे घासण्याच्या पॉलिशमधील तेलाने चरे तात्पुरते बुजतात आणि काम झाल्याचा भास होतो. पहिल्या दोन-तीन धुण्यांत ते पुन्हा वर येतात. केवळ गोल फिरणारे जुने बफिंग यंत्र आम्ही शक्यतो वापरत नाही. ते वेगाने काम करते, पण कडांवर रंग तापवते आणि अनुभवी हात नसेल तर उन्हात झळकणाऱ्या लाटा मागे ठेवते. फिरता फिरता डोलणाऱ्या ड्युअल अ‍ॅक्शन यंत्राने वेळ अधिक लागतो, तो आम्ही देतो.

टपाला मात्र आम्ही हात लावला नाही. क्लिअर कोट सुटू लागला की कोणतेही पॉलिश त्याला पुन्हा चिकटवू शकत नाही, त्यामुळे तेवढा टप जवळच्या रंगकाम करणाऱ्यांकडे पाठवला. दारावरील एका खोल चऱ्यात टच-अप रंग बारीक कुंचल्याने भरून तो सुकल्यावर समतल केला; जवळून पाहिल्यास तो दिसतो. गाडी नेताना मालक म्हणाले, “सगळं झ्याक झालंय ओ, ह्यो एक चरा तेवढा राहिलाय की.” मापकावरचा आकडा दाखवून तो का राहू दिला हे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, पण ते पूर्ण खूश झाले असे मी म्हणणार नाही.

काळ्या प्लॅस्टिकच्या भागांबद्दल लोकांमध्ये सर्वाधिक गैरसमज आहेत. हे भाग बहुतांशी पॉलिप्रॉपिलिनचे असतात. उन्हाने वरचा थर तुटत जातो, त्यातील भरणद्रव्ये उघडी पडतात आणि भाग पांढरट दिसू लागतो. खोबरेल तेल, डिझेल, बुटाचे पॉलिश असे सर्व प्रयोग झालेले बंपर आमच्याकडे येतात. तेलकट थर चार दिवस काळा दिसतो आणि मग धूळ धरून ठेवतो. हीट गनने तापवल्यावर रंग खरोखर परत येतो, पण काही महिन्यांपुरताच, आणि हात जरा रेंगाळला तर पट्टी वाकते. आम्ही वाफेने आणि ब्रशने खाचांतील जुने वॅक्स काढतो, भाग पूर्ण कोरडा करतो आणि मगच कडक होणारे ट्रिम कोटिंग लावतो. हेडलाइटचेही असेच आहे. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकवरील पिवळा थर वॉटर पेपरने उतरवणे सोपे आहे. त्यावर नवे अतिनील-रोधक आवरण दिले नाही तर ती काच पुन्हा लवकर पिवळी पडते.

जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यांचे काम आम्ही काही काळ केले आणि थांबवले. गाडी विकेपर्यंत चमकली म्हणजे झाले, ही तेथील अपेक्षा असते आणि चरे बुजवणाऱ्या वॅक्सने ती स्वस्तात पूर्ण होते. त्यामुळे उत्पन्नाचा मोठा भाग गेला. सिरॅमिक कोटिंगची, म्हणजे रंगावर चढवायच्या कडक पारदर्शक आवरणाची मागणी वाढल्याने तो काहीसा भरून निघाला, तरी कोटिंग चरे झाकत नाही, उलट खालचे चरे तसेच कायम दिसत राहतात, हे प्रत्येक ग्राहकाला सांगून मगच आम्ही ते काम घेतो. आता शेडच्या पन्हाळीचे पाणी साठवण्यासाठी टाकी बांधली आहे आणि अखेरच्या धुण्याला तेच पाणी किंवा आरओचे पाणी वापरतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्रा तापत असल्यामुळे पॉलिशचे काम सकाळीच उरकतो, म्हणून त्या दिवसांत गाड्या कमी घेतो.

गाडी दाखवायला आणताना कृपया ती पुसून आणू नये. धुळीसकट आणलेली गाडी आमच्या पाण्याने धुतल्यावरच मोजणी करतो, मोजणीचे वेगळे पैसे घेत नाही आणि प्रत्येक पॅनेलचे माप कागदावर लिहून मालकाच्या हाती देतो, काम आमच्याकडे करायचे ठरो वा न ठरो.