अर्धं थिएटर उठून गेलं
आत्ताच पिक्चर बघून आलोय, झोप काही येत नाहीये म्हणून लिहितोय. मधे एक सीन आहे, म्हातारा नवरा मेलेल्या बायकोला आंघोळ घालतोय, केस विंचरतोय, कट नाही म्युझिक नाही, कॅमेरा जागचा हलत नाही, नुसता पाण्याचा आवाज. पाचेक मिनिटांत लोक उठायला लागले, मोबाईलचे टॉर्च, मागून एक जण मोठ्याने "अरे पुढे सरकव की!" आणि माझ्या शेजारच्या काकू मात्र तोंडावर पदर धरून हुंदके देत होत्या. एकच सीन, दोघंही खरंच तसंच वाटून वागत होते.

बाहेर आल्यावर तर भांडणच जुंपलं. एक म्हणे हा नुसता शॉक द्यायला केलेला प्रकार, दुसरा म्हणे तुम्हाला कळलाच नाही. हे "कळलाच नाही" मला अजिबात पटत नाही, कंटाळा आला तर आला, त्यात कमीपणा कसला? १९६० साली फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा' या पिक्चरची लोकांनी हुर्यो उडवली होती आणि तिथेच त्याला ज्युरी प्राइजही मिळालं, म्हणजे हे भांडण जुनंच आहे.

सुरुवातीला मीही वैतागलो होतो, खरं सांगतो. पण मग त्या म्हाताऱ्याचा हात दिसला, कंगव्यात अडकलेला एक पांढरा केस त्याने हळूच सोडवला आणि खिशात ठेवला. तेव्हा उठून गेलेल्यांना तो केस दिसलाच नाही, याचं मला अजून वाईट वाटतंय.