मॅट की शायनिंग?

समोरच्या घरात रंगकाम झालं आणि मला रीतसर बोलावून दाखवण्यात आलं. दुपारची वेळ. हॉलची मोठी भिंत गडद मोरपिशी, इतकी चकचकीत की तिच्यात पंखा फिरताना दिसत होता. मी तोंडभरून कौतुक केलं आणि ते खोटं नव्हतं. मग चार वाजले. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरकं आत आलं, भिंतीला घासून पुढे सरकायला लागलं आणि भिंतीने सगळं ओकून टाकलं. गवंड्याच्या थापीच्या वळ्या, वायरिंगसाठी फोडून परत बुजवलेली पन्हळ, लांबी म्हणजे पुट्टी भरून घाईने घासलेला खड्डा. ओहोटीनंतरच्या वाळूवर उठतात तशा लाटा या टोकापासून त्या टोकापर्यंत. यजमानीण बाई चहा टाकायला आत गेल्या होत्या म्हणून बरं. त्या बाहेर आल्यावर मी त्यांना उन्हाकडे तोंड आणि भिंतीकडे पाठ होईल अशी खुर्ची पुढे केली.

आपल्याकडे रंगावरून घरोघर भांडणं होतात. शेडकार्ड आठवडाभर टीपॉयवर पडून असतं, येणारा-जाणारा त्यावर बोट ठेवून जातो. चमकेचा मात्र कुणी विचारच करत नाही. पेंटर शेवटच्या दिवशी, बादली ढवळता ढवळता विचारतात, ‘ताई, मॅट की शायनिंग?’ आणि आपण फोनवर असतो, म्हणून ‘तुम्हाला योग्य वाटेल ते’ म्हणतो. पेंटरना शायनिंगच योग्य वाटतं. काम झाल्यासारखं दिसतं त्यात.

खरं तर डब्यात महत्त्वाच्या गोष्टी दोनच. रंगाची पूड आणि ती धरून ठेवणारा चिकट द्रव. द्रव सढळ असला की वाळताना वर सलग, सपाट पापुद्रा धरतो आणि आलेला उजेड एकाच दिशेला परत पाठवतो. पूड वरचढ झाली की तिचे कण पृष्ठभागावर डोकं काढतात आणि उजेड वाट फुटेल तिकडे पांगतो. कारखान्यात हे मोजायचं यंत्रही असतं. ६० अंशांच्या कोनातून उजेड टाकायचा आणि घोटलेल्या काळ्या काचेची चमक १०० धरून आकडा काढायचा. ढोबळमानाने १०च्या खाली गेला तो मॅट, ७०च्या वर गेला तो ग्लॉस. सॅटिन, पर्ल, सॉफ्ट शीन वगैरे नटवी नावं मधल्या जागेत दाटीवाटीने राहतात, आणि एका कंपनीचं सॅटिन दुसरीच्या सेमी-ग्लॉसच्या शेजारी लावून पाहिलं तर कोण कुणाचं मोठं भावंड ते सांगता येत नाही.

मी मॅटवाली आहे. अगदी कट्टर. बसायच्या खोलीत भिंतीने माझ्याकडे परत बघू नये, एवढीच माझी अपेक्षा. नवऱ्याचं मत, ‘जी भिंत पुसता येत नाही ती काय कामाची?’ या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून मी ते देत नाही.

या आवडीचं मूळ बहुतेक कुडाळजवळच्या आमच्या घरात असावं. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर, आत-बाहेर चुन्याचा गिलावा. पाऊस संपला, अंगण वाळलं की आजोबा कळीचा चुना आणायचे. जुन्या पिंपात खडे टाकून वर पाणी ओतलं की ते थंड पाणी आपोआप खदखदायला लागायचं, वाफा यायच्या. विस्तव नाही, काही नाही. आम्हा मुलांना तेव्हा पडवीच्या पायरीखाली उतरायची बंदी असे, कारण एक शिंतोडा डोळ्यात गेला तरी डोळा जायचा. दुसऱ्या दिवशी निवळलेला चुना फडक्यातून गाळायचा, त्यात चिमूटभर नीळ, भिजवलेला डिंक, मूठभर मीठ. मग कुंचला. पहिला हात मारला की वाटायचं, नुसतं पाणीच फासलंय. ओला चुना जवळजवळ पारदर्शक असतो. आजी तरीही लगेच ‘हा कोपरा राहिला’ म्हणून बोट दाखवायची आणि आजोबा तिला म्हणायचे, ‘गो, सुकू तरी दे.’ संध्याकाळपर्यंत तो कोपरा बाकीच्यांपेक्षा पांढरा झालेला असायचा. पुढे दिवसेंदिवस हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत चुन्याचा परत दगड होत राहतो, हे मला कॉलेजात कळलं. आजोबांना त्याचं नाव माहीत नव्हतं. पण ‘रंग अजून पिकायचाय’ असं ते म्हणायचे.

त्या भिंतीला चमक नावाला नव्हती. उजेड तिच्यावर पडायचा आणि तिथेच मुरायचा. एकच अडचण, ती अंगाला लागायची. भिंतीला टेकून अभ्यास केला की पाठ पांढरी. शाळेत बाई पाठीकडे बघून ओळखायच्या, काल कुणी खरंच अभ्यास केलाय ते. (आमच्यातला एकजण घरातून निघताना मुद्दाम पाठ घासून यायचा. तो पुढे जाहिरातीच्या धंद्यात गेला.)

मग घरात ऑइलपेंट आला. बाबांना शहराची हवा लागली होती. त्यांनी स्वयंपाकघराला कमरेएवढा बाटलीहिरवा पट्टा मारून घेतला. डब्यावर एशियन पेंट्सचा गट्टू होता, केस डोळ्यांवर आलेला, ब्रश निथळणारा तो खट्याळ पोरगा. आर. के. लक्ष्मण यांनी तो १९५४ साली काढला, म्हणजे बाबांच्याच पिढीचा. वास आठवडाभर गेला नाही, पण भिंत अशी झाली की आजी येता-जाता तिच्यावरून हात फिरवायची. फोडणीचे शिंतोडे एका फडक्यात जायचे. पहिल्याच पावसाळ्यात मात्र पट्ट्याला फोड आले. चिऱ्याची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि चुन्यातून ती हळूहळू बाहेर सोडून देते. ऑइलपेंटने तिचं तोंडच बंद केलं. पाणी आत कोंडलं, रंग फुगला, फोड फुटले की आतून लोणा लागलेली पांढरी भुकटी. आम्हाला मात्र उद्योग मिळाला. फोड बोटाने दाबून फोडण्यात जे सुख आहे, ते नंतरच्या आयुष्यात फक्त पार्सलच्या बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकने दिलं.

शाळेतही हाच वाद चालू होता, फळ्यावर. जुना फळा वर्षानुवर्षं पुसून पुसून गुळगुळीत व्हायचा, आणि खिडकीजवळच्या बाकावरून बघितलं की अर्ध्या फळ्यावर नुसता उजेडाचा पाट. ‘सर, फळा चमकतोय’ ही आमची कायमची तक्रार, आणि गणित न येण्याचं कायमचं कारण. मग एखाद्या शनिवारी टॉर्चचे संपलेले सेल फोडून आतली काळी पूड काढायची, कोळसा कुटायचा, कुठला तरी पाला वाटून त्यात कालवायचा आणि चिंधीने फळा सारवायचा. सोमवारी फळा असा काळाकुळीत आणि निस्तेज दिसे की खडूला धार आल्यासारखं वाटायचं. एका वर्षी कुणीतरी हौसेने फळ्याला चकचकीत काळा ऑइलपेंट दिला. त्याच्यावर खडू नुसताच घसरायचा. त्या तिमाहीत आमच्या वर्गाने खूप तोंडी परीक्षा दिल्या.

सरकारी इमारतीतल्या रंगाऱ्यांनी या वादावर केव्हाच तोडगा काढला होता. खाली छातीएवढा ऑइलपेंट, वर पांढरा चुना, मधोमध सूत मारून आखलेली गडद रेघ. एसटी स्टँड, तहसील कचेरी, सिव्हिल हॉस्पिटल, सगळीकडे तेच. माणसाचा हात, खांदा, डोकं आणि पानाची पिचकारी जिथवर पोचते तिथवर चमक. त्याच्या वर माणूस जात नाही, तिथे चुना. रंग चिखली हिरवा किंवा चॉकलेटी असतो, त्याला माझा इलाज नाही. पण घरात कुठल्या भिंतीला काय लावायचं हे ठरवायचं असेल, तर मासिकातले फोटो बघण्यापेक्षा ही रेघ बघावी. हात कुठे लागतो, पाणी कुठे उडतं, वाफ कुठे धरते.

तरी एक गोष्ट ती रेघही सांगत नाही. मॅट भिंत जिथे हात लागतो तिथे हळूहळू चमकायला लागते. आमच्या हॉलमध्ये दिव्याच्या बटणांभोवतीचा डाग मी इतक्यांदा ओल्या फडक्याने पुसलाय की डाग गेला आणि त्या जागी तुकतुकीत चकती उरली. दिवाणाच्या वरच्या बाजूला सासऱ्यांनी डोकं टेकून पेपर वाचायची जागा होती. खोबरेल तेलाचा तो गोल दोनदा रंग देऊनही वर आलाच, मग पेंटरनी त्याला आधी ऑइल प्रायमर लावून गाडला. उलट ग्लॉस वापरला की मरतो. कडीच्या बाजूचं दार, चाळीच्या गॅलरीचा कठडा, जिन्याचा हात ठेवायचा पाइप, हे सगळे नवे असताना आरसे होते. म्हणजे माणसं राहायला लागली की दोन्ही आपापल्या जागा सोडून एकमेकांकडे सरकतात. पुढे यातून काहीतरी निष्कर्ष काढायचा माझा विचार होता, पण नवऱ्याने तो ऐकला तर म्हणेल, ‘मग आधीच मधलं घ्यायचं ना.’

मधलं म्हटलं की मला आमच्याकडची कावीकामाची देवळं आठवतात. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर, तो कोरून काढलेली वेलबुट्टी, आणि सगळं दगडाने घोटून घोटून गुळगुळीत केलेलं. तेल नाही, वार्निश नाही, तरी संध्याकाळी त्या भिंतीला एक तजेला येतो. तो फिनिश मला कुठल्याही दुकानात मिळालेला नाही. दुकानदाराला सांगायला गेले तर त्याने मला टेक्स्चरचं कॅटलॉग दाखवलं.

तर या वेळी आमच्याकडे असा तह झाला. सगळ्या छतांना मॅट, त्यावर दुमत नाही, छत पुसायला कोण चढतंय. स्वयंपाकघर आणि बाथरूमचा वरचा भाग सॅटिन. पॅसेज नवऱ्याचा, त्यात त्याने पुसता येणारं काहीतरी चकाकतं लावलंय आणि तो रोज जाता-येता उगाच पुसतो. हॉल माझा. गणपतीच्या मखराची चिकटपट्टी ओढली की मॅट भिंतीची साल निघते, ती निघणार. पण तिथे उरलेल्या रंगाचा ठिपका लावला की कळत नाही. चकचकीत भिंतीवर तेच ठिगळ जन्मभर ओरडतं. दारं, खिडक्या, ग्रिल यांना एनॅमल. रिकामा डबा कुंडी झाला, वीस लिटरची बादली बाथरूममध्ये गेली.

काल खिडकीचे गज घासायला घेतले. आमची इमारत जुनी आहे, गजांवर रंगाचे इतके थर की कडा गोल झाल्यात. पॉलिश पेपरखाली पांढरा गेला, मग हिरवा, मग त्याच्या खाली पिवळाधमक. लहानपणी मी असेच गज नखाने सोलत बसायचे आणि ते पापुद्रे जिभेवरही ठेवले असतील. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. पिवळ्यात, हिरव्यात, लालात विशेष. रंग खुलायला, लवकर वाळायला. घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीचा रंग अजून घरोघरच्या गजांवर आहे. लहान मुलाच्या मेंदूला शिसं किती चालतं, याची सुरक्षित अशी पातळीच सापडलेली नाही.

पेंटर कोरडंच घासत होते. खालच्या मजल्यावरची छोटी मुलगी तोंडात बोट घालून बघत उभी होती. तिला घरी पाठवलं. म्हटलं, ‘दादा, आधी पाणी मारा, ओलं करून घासा. खाली कागद घाला. आणि नाकाला काहीतरी बांधा.’

त्यांनी पाण्याचा डबा घेतला, कागदही घातला. नाकाचं म्हटल्यावर हसले. म्हणाले, ‘ताई, बावीस वर्षं हीच धूळ खातोय.’