एवढ्या मोठ्या टाकीत एकच मासा का?

"वहिनी, सहा फुटांची टाकी आणि आत एकच मासा?" आमच्या घरी येणारं माणूस चपला काढता काढताच हे विचारतं. आजवर मी "बाकीचे गेले" म्हणून चहा टाकायला उठायचे. परवा तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून एकदा सगळं सांगते.

खाऱ्या पाण्यात शिकारी मासे एकत्र ठेवताना पहिला हिशेब तोंडाचा असतो: ज्याच्या तोंडात जो मावतो, तो त्याचा घास. हा हिशेब मला तेव्हाही येत होता. 680 लिटर पाणी, त्यात वीतभर लांबीचा लायनफिश, म्हणजे पिसासारख्या पंखांचा संथ शिकारी मासा, आणि स्नोफ्लेक ईल, म्हणजे सापासारखा लांबट मासा. ईलचे दात बोथट, खेकडे-कोळंबी फोडायचे, त्यामुळे माशांना त्याच्यापासून फारसा धोका नाही. क्लाऊन ट्रिगर, म्हणजे आज टाकीत एकटा उरलाय तो दणकट दातांचा मासा, मी सगळ्यांत शेवटी आणला, कारण भांडकुदळ मासा शेवटी सोडायचा असतो. तेव्हा तो जेमतेम तीन इंचांचा होता, पण उंची भरपूर असल्यामुळे लायनफिशच्या तोंडात जाणारा नव्हता. दुकानदाराने बजावलं होतं, "ताई, हा मोठा झाला की बदलतो." मला वाटलं, लहानपणापासून एकत्र वाढतील तर होईल सवय. पंधरा महिने तिघं गुण्यागोविंदाने राहिले, हेही खरं आहे.

मग लायनफिशच्या बाजूच्या पंखांची टोकं झडायला लागली. मी ती पंखकूज धरली. आठ दिवस पाणी बदललं, अमोनिया तपासला, औषध आणलं. ट्रिगरकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या रविवारी पहाटे जाग आली. टाकीचा दिवा न लावता चहाचा कप घेऊन समोर बसले. खिडकीतून उजेड येत होता. लायनफिश रात्रभर फिरून कोपऱ्यात स्थिर झाला होता. ट्रिगर दगडाच्या फटीत पाठीचा काटा अडकवून झोपतो. त्याने काटा सोडवला आणि बाहेर आला. लायनफिशच्या पाठीवर तेरा विषारी काटे असतात. संकट दिसलं की तो डोकं खाली घालून ते समोरच्यावर रोखतो. ट्रिगर त्या बाजूला गेलाच नाही. मागून, खालून आला आणि पिसासारख्या पंखाचा लचका घेतला. त्या पंखांत विष नसतं. लायनफिश वळेपर्यंत तो दुसऱ्या बाजूला. मी उठून काचेवर हात आपटेपर्यंत त्याने डोळा काढला होता.

जाळी घेऊन ट्रिगरला पकडायला चाळीस मिनिटं लागली. अर्धे दगड बाहेर काढावे लागले. लायनफिश दोन दिवस तळाशी एका कुशीवर होता, मंगळवारी गेला. ईल मी एका ओळखीच्यांकडे दिला, टाकीत ट्रिगर एकटाच राहिला.

"ट्रिगर दुष्ट निघाला" असं कोणी म्हणालं की मला राग येतो. त्याचे दात सागरी साळ्या (काटेरी गोळ्यांसारखे समुद्री जीव) नि खेकडे फोडायला बनलेत. समोर संथ, लोंबत्या पंखांचा मासा मीच ठेवला.

आणि एक गोष्ट आजवर कोणाला सांगितली नाही. त्या महिन्यात पाण्यात नायट्रेट, म्हणजे खाण्याच्या नि विष्ठेच्या घाणीतून साठणारा क्षार, वाढला होता, म्हणून मी सगळ्यांचं खाणं एक दिवसाआड केलं होतं. मोठ्या लायनफिशला आठवड्यातून तीनदा पुरतं. ट्रिगरला रोज थोडं थोडं लागतं. म्हणजे तोंडांचा हिशेब मी केला, भुकेचा केला नाही. तरी मन म्हणतं, रोज खायला दिलं असतं तर टळलं असतं का? ट्रिगर नि लायनफिश वर्षानुवर्षं एकत्र ठेवणारे लोक आहेत. आठ फुटांची टाकी हवी होती का? की दुकानदार म्हणाला तेच खरं, नि मी काहीही केलं असतं तरी तो पहाटे उठून तेच करणार होता? पाच वर्षं हेच घोळतंय. कधी एक पटतं, कधी दुसरं.

तुम्ही म्हणालात, एखादा दणकट मासा सोडून बघा, हेकरूसारखा. गेल्या दिवाळीत तसा एक बघूनही आले होते. पिशवीत भरायला सांगितलं, पैसे काढले, आणि तो पंख हलवत होता तेवढ्यात नको म्हणाले.

आता ट्रिगर वीतभर आणि वर चार बोटं झालाय. सकाळी सातला काचेशी येतो, एक डोळा माझ्याकडे, एक वाटीकडे. वाटीत कधी माकूल, कधी कवचासकट कोळंबी. रोज.