गेटवर माल यायच्या आधी

सोमवार, रात्र. अंबड एमआयडीसी.

आम्ही दुसऱ्यांच्या मालावर मजुरीने मशिनकाम करणारे. पैसे लटकवणाऱ्या पार्टीला नाही म्हणायचं ते माल गेटवर यायच्या आधी. त्यांचे धातूचे बार, कास्टिंग शेडमध्ये उतरले की संपलं. मग पर्चेसवाल्याचं ठरलेलं वाक्य: "हा लॉट काढून द्या, मागचं बघू." आणि मागच्या बिलापोटी हा लॉट अडवून धरणं कायद्यातही बसत नाही. मजुरीसाठी माल रोखायचा हक्क त्याच मालाच्या मजुरीपुरता असतो. उधारी कबूल केली असेल तर तोही नाही.

इकडे जीएसटी थांबत नाही. बिल जुलैचं असेल तर महिनेवारी रिटर्नवाल्याला २० ऑगस्टला कर भरावाच लागतो, पैसे येवोत न येवोत.

छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यात पैसे चुकते करायला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. पीओवर, म्हणजे खरेदी ऑर्डरवर, ९० छापले तरी ४५ च्या पुढे ते चालत नाहीत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, महिन्याला चक्रवाढ. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, मात्र माल देण्याच्या आधीची हवी. बहुतेकांचं घोडं अडतं ते माल पोचवल्याच्या चलनाशी. ड्रायव्हर टेम्पो रिकामा करतो आणि चलनाची गुलाबी प्रत कोरीच परत आणतो. त्यावर इनवर्डचा, म्हणजे माल आत आल्याचा, शिक्का, तारीख, सही हवी. १५ दिवसांत लेखी रिजेक्शन आलं नाही तर माल स्वीकारला असं धरतात, पण शिक्का नसेल तर दिवस कुठून मोजणार?

नकार मेलवरच द्यावा, पर्चेस आणि अकाउंट्स दोघांना. बिल नंबर, तारीख, रक्कम, किती दिवस झाले, आणि खाली एक ओळ: "ही बाकी जमा होईपर्यंत नवीन पीओ घेत नाही." मशिन फुल असल्याचं कारण देऊ नये, पुढच्या महिन्यात ते पुन्हा दारात उभे राहतात. बिलाला १८० दिवस होत आले असतील तर तेही लिहावं; त्यानंतर त्यांना आपल्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे जीएसटीची वजावट, उलटवावं लागतं, आणि हे वाक्य अकाउंट्सवाला नक्की वाचतो.

त्यांचं ड्रॉइंग, गेज, फिक्स्चर, उरलेला माल त्याच आठवड्यात चलनाने परत करून सही घ्यावी. नाहीतर "आमचं सामान अडकवलं" म्हणून डेबिट नोट, म्हणजे बिलातून कपातीचा कागद, येते आणि खरी बाकी त्या वादात बुडते.

मशिन चार दिवस रिकामं दिसलं की जीव कासावीस होतो, हे खरं. पण तेवढ्यात रोख देणाऱ्या छोट्या पार्टीचं काम बसतं.

मागचं सगळं चुकतं झाल्यावर तीच पार्टी आली तर ५० टक्के आगाऊ, उरलेले माल उचलण्याआधी खात्यात. चेक नको.