दादांची दारू सोडवताना: पहिले चार दिवस

"शेवटची कधी घेतली?" ओपीडीत डॉक्टर सर्वांत आधी हेच विचारतात, आणि उत्तर तासांत द्यावं लागतं. "परवा केव्हातरी" चालत नाही. दादांच्या वेळी वहिनींनी घड्याळ बघून ठेवलं होतं, रात्री साडेनऊ, म्हणून पुढचं सोपं गेलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, उलट्या होतात. फिट येण्याची भीती पहिल्या ४८ तासांत. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो: भिंतीवर मुंग्या, घरात नसलेली माणसं. मेंदू वर्षानुवर्षं गुंगीच्या विरुद्ध जोर लावून बसलेला असतो, दारू काढली की तो जोर मोकळा सुटतो. देवासमोर शपथ घालून खोलीत कोंडण्याचा घरगुती उपाय म्हणूनच जिवावर बेततो.

दुसरा प्रश्न, किती? पिणारा "दोन पेग" सांगतो, त्यावर जाऊ नका. रिकामे पव्वे मोजा. आमच्याकडे ते बंद कूलरच्या टाकीत निघाले, अकरा. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे १८० मिलीच्या पव्व्यात ६०. लेबलवर '२५ यूपी' (अंडर प्रूफ, दारूच्या तीव्रतेचं माप) असेल तर हेच ४२.८, '५० यूपी' म्हणजे २८.५ टक्के, पव्व्यात ४० ग्रॅम. गोळ्यांचा डोस ठरवायला हा हिशोब कामी येतो, म्हणून रोजचे पव्वे आणि बाटलीचा फोटो दोन्ही न्या.

कुठे जायचं हे ठरत नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन. मनाच्या त्रासासाठी १४४१६, टेलिमानस. इंदूरात बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहेच. पण आधी फिट आलेली असेल, डोळे पिवळे असतील किंवा रक्ताची उलटी झाली असेल, तर सरळ एम. वाय. हे मोठं सरकारी रुग्णालय गाठा. तिथे मेडिसिनवालेही हाताशी असतात. सोबत आधार, आयुष्मान कार्ड, जुने रिपोर्ट. रक्तात लिव्हरच्या तपासण्या, प्लेटलेट, साखर, सोडियम-पोटॅशियम बघतात.

एक चूक फार होते. माणूस गळाला की गल्लीतला डॉक्टर आधी ग्लुकोजची बाटली लावतो. दारूने थायमिन, म्हणजे बी-१, संपलेलं असतं. ग्लुकोज जाळायला तेच लागतं. उरलंसुरलं संपलं की चाल अडखळते, डोळे भिरभिरतात, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन दिलंत का, हे तोंडावर विचारा. थरथर थांबवायला बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड देतात, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम, आणि काही दिवसांत डोस उतरवत बंद करतात. गोळ्यांची स्ट्रिप रुग्णाच्या हाती देऊ नका. गोळीवर दारू पडली की श्वास मंदावतो.

एका खासगी केंद्राने फोनवर सांगितलं, "पत्ता पाठवा, चार माणसं येऊन उचलून नेतील." नाही म्हटलं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक त्रासही येतात. स्वतःच्या संमतीने भर्ती कलम ८६ खाली. संमती देण्याच्या अवस्थेत नसेल तर कलम ८९ खाली, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन स्वतंत्र तपासण्यांनंतर, जास्तीत जास्त ३० दिवस. रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण बंदी. केंद्राची नोंदणी मागा. टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.

मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२३ पासून अहाते, म्हणजे दारूच्या दुकानालगतच्या बसून पिण्याच्या जागा, बंद केले, १ एप्रिल २०२५ पासून उज्जैनसह १९ धार्मिक ठिकाणच्या कलाल्या, म्हणजे दारूची दुकानं, बंद केल्या. रस्त्यावरचा धिंगाणा कमी व्हावा यासाठी हे ठीकच. पण अहात्यातला पव्वा घरच्या गच्चीवर आला, हेही आम्ही बघितलंय. एम्सने केलेल्या, २०१९ साली आलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचं आढळलं. बंदीच्या घोषणेइतकी रुग्णालयातल्या खाटांची चर्चा होत नाही.

थरथर गेली म्हणजे सुटली असं नाही. पुढे ओढ कमी करायला नॅलट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट मिळतं. कुठलं ते लिव्हर आणि किडनीवर ठरतं. डायसल्फिराम वेगळं. त्यावर दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, बीपी कोसळतं. वरणात लपवून अजिबात देऊ नका; रुग्णाला माहीत असलंच पाहिजे, शेवटच्या घोटाला किमान १२ तास झालेले असले पाहिजेत, आणि गोळी थांबवल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. खोकल्याची काही औषधं, होमिओपॅथीचे थेंब, आसवं-अरिष्टं यांतही अल्कोहोल असतं. वहिनींच्या फडताळातलं द्राक्षासव त्याच संध्याकाळी शेजारी गेलं.