झाकायचे ते कान

भयपटात आता काहीतरी होणार असं वाटलं, की थिएटरातले निम्मे हात डोळ्यांवर जातात. बोटांत फट मात्र ठेवलेली असते, तिकिटाचे पैसे मोजलेत ना! पण हात जातात ते चुकीच्या जागी. झाकायला हवेत कान. सोसवत नाही तो प्रसंग घरी आवाज बंद करून बघा. उरतो फक्त एक माणूस, अंधाऱ्या जिन्यावरून विनाकारण हळूहळू उतरणारा. दिवा लाव की बाबा, असं म्हणावंसं वाटतं.

‘सायको’ (१९६०) मधला न्हाणीघरातला खून आठवून बघा. सुरा अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे खपून गेलं. दिग्दर्शक हिचकॉकला तिथे संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं तरीही फक्त तंतुवाद्यांवर तो चिरकणारा तुकडा रचला, आणि तो ऐकून हिचकॉकनं मत बदललं. आज आपण दचकतो ते बरंचसं त्या तंतुवाद्यांना. दचकवण्याची नेहमीची रीतही कानांवरच चालते: पार्श्वसंगीत हळूच काढून घ्यायचं, काही क्षण शांतता ठेवायची आणि मग आवाज आदळायचा. तेव्हा बोटं कानात घालायची ती शांतता सुरू होताच. आवाज आल्यावर घालून उपयोग नाही.

रक्त बघून भोवळ येणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. एरवी भीतीनं रक्तदाब चढतो. यांचा आधी चढतो आणि मग धाडकन उतरतो. म्हणून ‘अंग सैल सोड, शांत हो’ हा शेजारच्या खुर्चीतला सल्ला इथे उलटा पडतो. हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, वीस-तीस सेकंद सोडायचे, असं चार-पाच वेळा. सोडायचे म्हणजे पुरते ढिले नाहीत, नेहमीसारखे. तरीही डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता आडवं व्हायचं.

भरतमुनींनी ‘नाट्यशास्त्रा’त भयाला हातापायांचा कंप, रोमांच आणि चेहऱ्याचा रंग उडणं दिलंय, बीभत्साला अंग आक्रसणं, थुंकणं, ओकारी. मधल्या रांगेत बसून मोजा, यादी अजून जुळते.

पण नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’ या चित्रपटाला यातला एकही उपाय लागू पडत नाही. डुकरं पकडायला धावणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी उभं राहतं, आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं. प्रेक्षक हसतो, मग ते हसू त्याच्या घशात अडकतं. शेवटी त्या घरातला मुलगा जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं. इथे कान झाकून काय होणार? असा चित्रपट बघून लगेच दुसरं काही लावू नये. घरी चालत जावं, सोबतच्या माणसाशी भांडावं. ‘फारच डार्क होतं’ म्हणून मोकळं होणं मला तरी पळवाट वाटते.

पुस्तकाला तर आवाजाचं बटणच नाही. चित्र आपणच काढतो, तेही ओळखीच्या घराचं, आपल्याच माळ्याचं. रात्री वाचणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे ‘हे प्रकरण संपवून झोपू’. रहस्यकार गाठ मारतो ती प्रकरणाच्या शेवटीच. तिथे थांबलात तर डोकं रात्रभर ती सोडवत बसणार. थांबायचं ते प्रकरणाच्या मध्यावर, जिथे कुणीतरी चहा टाकलाय किंवा एसटीची वाट बघतंय. आणि मुखपृष्ठावर चेहरा असेल तर पुस्तक पालथं.