हनोईचं मेट्रोपोल: जुनी विंग, व्हिसा, बिल आणि बंकर

व्हिएतनामच्या राजधानीतल्या, हनोईतल्या मेट्रोपोल हॉटेलात खोली घेताना सगळ्यात आधी विंग ठरवावी. मुंबईच्या ताजमध्ये जसे पॅलेस आणि टॉवर, तशा इथे मेट्रोपोल विंग आणि ऑपेरा विंग. मेट्रोपोल विंग 1901 ची, ताजपेक्षा दोन वर्षांनी थोरली. पांढऱ्या भिंती, खिडक्यांना हिरव्या झडपा. चार्ली चॅप्लिन 1936 मध्ये अभिनेत्री पॉलेट गोडार्डबरोबर आला होता तो याच इमारतीत. ऑपेरा विंग 1990 च्या दशकातली. ती वाईट नाही, पण जो इतिहास पाहायला आपण एवढे पैसे मोजतो तो तिच्यात नाही.

अडचण अशी की बुकिंगच्या संकेतस्थळांवर खोलीचा प्रकार ठळक दिसतो आणि विंगचं नाव खालच्या बारीक मजकुरात असतं. म्हणून आम्ही पैसे भरण्याआधी हॉटेलला थेट ईमेल केला: मेट्रोपोल विंग हवी, आणि ती पक्की असल्याचं उत्तरात लिहून द्या. ‘विनंती नोंदवली आहे’ एवढंच उत्तर आलं तर विंग मिळाली असं समजू नये. ‘पक्की’ हा शब्द येईपर्यंत पुन्हा लिहावं.

दर पाहताना आकड्यापुढचं ‘++’ हे चिन्ह शोधा. त्याचा अर्थ सेवा शुल्क आणि मूल्यवर्धित कर वेगळे. सेवा शुल्क 5 टक्के, आणि कर त्या शुल्कासकट झालेल्या रकमेवर 10 टक्के (सरकारने सवलत दिलेल्या काळात 8). उदाहरणार्थ 300 डॉलरचे आधी 315 होतात, मग 346.50. म्हणजे वाढ 15.5 टक्के. दोन हॉटेलांच्या दरांची तुलना या शेवटच्या आकड्यावरच करावी.

व्हिसासाठी व्हिएतनामच्या सरकारी संकेतस्थळावरून ई-व्हिसा घेतला. एकेरी प्रवेशाचे 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचे 50, मुदत जास्तीत जास्त 90 दिवस. अर्ज नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही, त्यामुळे नाव नीट भरणं महत्त्वाचं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि विमानाचं तिकीट मात्र दोनच शब्दांत काढलेलं असतं. अर्जात पासपोर्टच्या तळाशी छापलेल्या दोन ओळींप्रमाणे पूर्ण नाव टाकावं, आणि शक्यतो तिकीटही तसंच काढावं. तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने. व्हिसावर जी सुरुवातीची तारीख असेल तिच्या आदल्या दिवशीही आत सोडत नाहीत. रात्रीचं विमान पहाटे कुठल्या तारखेला उतरतं ते मोजूनच ती भरावी. हनोईचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे.

पैशांचा घोळ बहुतेकांचा काउंटरवर होतो. हॉटेल चेक-इनच्या वेळी कार्डावर अनामत ‘ब्लॉक’ करतं. ही रक्कम कापली जात नाही, नुसती अडकते. क्रेडिट कार्डावर ती फारशी जाणवत नाही. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर मात्र तेवढे पैसे चेक-आउटनंतरही कित्येक दिवस वापरता येत नाहीत आणि पुढच्या मुक्कामाला तंगी होते. आम्ही अनामतीला क्रेडिट कार्ड दिलं. परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण दुकानातल्या मशीनची मर्यादा वेगळी असते आणि ती वाढवायची राहते. कार्ड पहिल्यांदा नाकारलं गेलं ते त्यामुळेच. मशीनवर ‘रुपये की डोंग (तिथलं चलन)’ असं विचारलं तर डोंगच निवडा, रुपयांत रूपांतराचा दर महाग पडतो.

नोई बाई विमानतळावरून शहरात यायला पाऊण तास धरा. टॅक्सीला रोख देताना 20 हजार आणि 5 लाख डोंगच्या दोन्ही नोटा निळसर असतात हे लक्षात ठेवा. पंचवीसपट फरक आहे, आणि अंधारात शून्यं दिसत नाहीत. 5 लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवणं हाच उपाय. पहाटे पोचणार असाल तर खोली दुपारीच मिळते हे गृहीत धरा. सामान काउंटरला सोपवून जवळच्या होआन किएम तळ्याला फेरी मारता येते. पाहुण्यांची नोंद हॉटेलला पोलिसांकडे करावी लागते, म्हणून मुलांसकट सगळ्यांचे पासपोर्ट हाताशी ठेवा.

शाकाहारी असाल तर ‘आन चाय’, म्हणजे शाकाहारी जेवण, हे दोन शब्द पाठ करा. नुसतं मांस नको म्हटलं तर माशाचा सॉस, नुओक माम, तरीही पडतो. फो (नूडल्सचं सूप) भाजीचा मागितला तरी रस्सा हाडांचा असू शकतो. ‘चाय’ म्हटलं की स्वयंपाकघराला नेमकं कळतं, कारण तिथेही पौर्णिमेला आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी बरेच लोक असंच जेवतात. अंडं चालत असेल तर अंड्याची कॉफी चुकवू नका. 1946 मध्ये दुधाची टंचाई असताना याच हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान जांग यांनी फेटलेलं अंड्याचं पिवळं दुधाऐवजी वापरून ती बनवली. त्यांच्या कुटुंबाचा कॅफे जुन्या वस्तीत आजही चालतो. वाटी गरम पाण्यात ठेवून देतात. गार होऊ देऊ नये, अंड्याचा वास येतो.

खरी गोष्ट मात्र जमिनीखाली आहे. अमेरिकेशी युद्ध चालू असताना, हॉटेलचं नाव ‘थोंग न्यात’ म्हणजे एकीकरण असताना, अंगणाखाली पाहुण्यांसाठी बंकर बांधला होता. 1972 च्या डिसेंबरातल्या बॉम्बफेकीत गायिका जोन बाएझ इथेच उतरली होती आणि भोंगा वाजला की खाली जायची. युद्धानंतर तो बुजला गेला आणि विसरला गेला. 2011 मध्ये पोहण्याच्या तलावाजवळच्या बारचं काम काढलं तेव्हा खोदताना जाड काँक्रीट लागलं आणि खाली पाण्याने भरलेल्या खोल्या सापडल्या. बंकर हॉटेलच्या वाटाड्याबरोबरच पाहता येतो. फेऱ्यांच्या वेळा ठरलेल्या, जागा मोजक्या. त्यामुळे चेक-इन करतानाच नाव नोंदवा, शेवटच्या दिवसावर टाकू नका. छत बुटकं आहे, हवा दमट, पायऱ्या अरुंद. गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी वरच थांबावं. आत उभं राहिल्यावर तलावाकाठच्या खुर्च्या आपल्या डोक्यावर आहेत हे जाणवतं आणि अंगावर काटा येतो. एवढ्या एका गोष्टीसाठीही इथला मुक्काम करावा असं आमचं मत आहे.

निघताना बिल आदल्या रात्रीच मागवून घ्या. मिनीबार आणि रेस्टॉरंटच्या नोंदी तपासायला सकाळी वेळ मिळत नाही. पैसे भरल्यावर अनामतीचा ब्लॉक सोडल्याची छापील चिठ्ठी मागा. महिनाभरानेही रक्कम अडकलेली दिसली तर बँक पहिल्यांदा तीच मागते.